डोहातल्या पंपाची जाळी

कापडाला वास येतो ही तक्रार भिवंडीकराने जन्मात केली नसती. आमच्या गावात वासाचा तुटवडा कधीच नव्हता. खळीचा वास, डिझेलचा वास, रंगाच्या नाल्याचा वास, आणि दुपारच्या जेवणाच्या सुमाराला या सगळ्यांना बाजूला सारून गल्लीत शिरणारा तळलेल्या बोंबलांचा वास. त्यात एखाद्या ताग्याला जरा माशाची झाक आली तर ती कोणाच्या लक्षात येणार? पण तागे गेले मुंबईला, काळबादेवीच्या एका व्यापाऱ्याकडे. त्याच्या घरात लसूणसुद्धा चालत नव्हता. त्याने गाठोडं सोडलं, कापड नाकाशी नेलं आणि सगळा माल आल्या टेम्पोने परत पाठवला. मागाहून दुकान फिनेलने धुऊन घेतलं म्हणे.

त्या कापडाचं सूत एका सायझिंगमधून आलं होतं. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ लावून कडक करतात, त्या कारखान्याला सायझिंग म्हणतात. या सायझिंगचे शेठ मूळचे खाडीकाठचे. वाडवडिलांची भातशेती गोदामांना देऊन त्यांनी दिघाशीच्या पुढे नदीला लागून जागा घेतली आणि तिथल्या डोहात पंप टाकला. पाइपच्या तोंडाला गाळणी म्हणून काय होतं, तर खिळ्याने भोकं पाडलेला रंगाचा रिकामा डबा. तो एका पावसाळ्यात वाहून गेला आणि दुसरा डबा लावावा असं कोणाच्याच मनात आलं नाही. मग डोहातले मासे पाण्याबरोबर पाइपात, पाइपातून पंपाच्या पंख्यात, तिथून तुकडे होऊन हौदात आणि हौदातून खळीच्या कढईत जाऊ लागले. म्हणजे सायझिंगमध्ये रोज मासे शिजत होते, तेही हळद-मीठ न लावता. जे मासे पंख्यातून कसेबसे अख्खे सुटायचे ते हौदावरचे कामगार आपल्या भाताबरोबर खायचे, त्यामुळे कामगारांची काही तक्रार नव्हती.

मी तेव्हा कल्याण नाक्याजवळच्या एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायचे. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. जिकडे बघावं तिकडे गोदामं उठत होती, आणि गोदामांची शटर, पत्र्याच्या शेड, पाण्याच्या टाक्या हे आमचं काम. डिप्लोमा केलेली तिथे मी एकटी आणि बाईही मी एकटीच. त्यामुळे ज्या कामात डोकं लावावं लागेल किंवा ज्यात गिऱ्हाईक ओरडायची शक्यता असेल ते काम आमचे मालक न चुकता माझ्या टेबलावर आणून ठेवायचे.

शेठ आले ते सोन्याची साखळी शर्टाबाहेर काढून आणि परत आलेल्या मालातला एक तागा काखेत मारून. तो त्यांनी माझ्या कीबोर्डवर ठेवला.

"वास घ्या मॅडम. येतो काय?"

मी वास घेतला. येत होता.

"मना तं काय येत नाय," ते म्हणाले. "पन त्या व्यापाऱ्याला येतो. मासा आत नाय आला पायजे, बस. बाकी मना काय समजवू नका."

डोह कुठला, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं आणि मी खुर्चीत सरळ बसले, कारण त्या डोहावर माझी मावशी जगत होती.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, शेताचा वाटा दिरांनी पचवला, तिच्याकडे राहिलं एक हातजाळं आणि नदी. डोहाकाठच्या तिच्या पाड्यावर डोहाला मालक नव्हता, पाळी होती. पाच-सहा बायका, आठवड्याचे वार वाटून घेतलेले. ज्या दिवशी जिची पाळी त्या दिवशी सकाळभर डोह तिचा, दुसरीने जाळं भिजवायचंसुद्धा नाही. मावशीचा वार सोमवार आणि शुक्रवार. मिळेल ते घेऊन ती पडघ्याच्या बाजाराला जायची. बोटाएवढे मळे मासे, शिंगटी, नशीब असलं तर एखादी मरळ. त्यावर तिची चूल चालायची, आणि माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्याही त्याच चुलीवर शिजल्या.

पंप आल्यापासून ती मला तेच तेच ऐकवत होती.

"मोठा मासा आमी काढला तं त्याचं कायच न्हाय, पिलां मोठी व्हतात. पन आता पिलांच न्हाय ऱ्हायली. समदी पंपानं गिळलीन. पान्यात हात घाल, पानी नुस्तं पानीच लागतं."

आता योग बघा. शेठना मासे पाइपात नको होते, मावशीला ते डोहात हवे होते. दोघांच्या मध्ये फक्त एक जाळी कमी होती आणि ती कागदावर काढायचं काम माझ्याकडे चालून आलं होतं. एवढी वर्षं मी गोदामांची शटर काढत होते. डिप्लोमाचा घरच्या कोणाला काही उपयोग होईल अशी ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे मी भलतीच खूश झाले.

पण मी पेन्सिलीला टोक करते न करते तोच शेठनी स्वतःच जाळी तयार केली. भिवंडीच्या माणसाला जाळी म्हटलं की कापड दिसतं, आणि कापड म्हटलं की त्याला कोणाचा बाप काही शिकवू शकत नाही. शेठचे गावात स्वतःचे माग होते. त्यांनी एका मागावर नायलॉनचं सूत चढवलं आणि घट्ट वीण घालून पाणी गाळायचं कापड विणून घेतलं. त्याचा तुकडा घेऊन ते वर्कशॉपमध्ये आले, खिशातून धागे मोजायचं भिंग काढलं आणि ते माझ्या डोळ्याला लावून म्हणाले, "आता याच्यातून मासा जाऊन दाखव म्हनावा."

मासा गेला नसताच. पाणीही जाईल का याचा विचार मात्र त्यांनी केला नव्हता.

ते कापड पाइपच्या तोंडाला दोरीने बांधलं तेव्हा मी तिथे होते. पंप सुरू झाला, स्वच्छ पाणी आलं, शेठनी सगळ्यांना चहा सांगितला. चहा येईपर्यंत कापडावर गाळ, शेवाळ आणि सडकी पानं यांचा थर बसला. बहुतेक भोकं बुजली. मग जी थोडी उघडी राहिली होती तिथून पंप जिवाच्या आकांताने पाणी ओढायला लागला आणि डोहातली उरलीसुरली पिल्लं त्या जागी येऊन चिकटली. पांढऱ्या कापडावर चंदेरी बारीक मासे, छापील साडी दिसावी तसे. पुढच्या क्षणाला सगळं कापड दोरीसकट पाइपात गेलं आणि पंपाने ते चावून टाकलं. खळीत आता माशाबरोबर नायलॉनही पडलं.

दुसऱ्या कोणी यातून निदान एवढं शिकलं असतं की जाळी म्हणजे कापड नव्हे. शेठ शिकले ते असं की वीण पातळ झाली.

"पीक कमी पडला," ते गंभीरपणे म्हणाले. पीक म्हणजे इंचात बसणारे आडवे धागे. सायझिंगचा हिशोब बघणाऱ्या मेहताजींनी मान डोलावली, मुकादमाने मान डोलावली, आमच्या मालकांनीही मान डोलावली, आणि त्यांचा तर कापडाशी लुंगीपलीकडे संबंध नव्हता. कापड फाटलं, पीक वाढवा. कापड आटलं, पीक वाढवा. या गावात रस्ता खचला तरी कोणीतरी पीक वाढवायला सांगेल. त्यांनी खरंच दुसरं कापड विणलं, आधीपेक्षा घट्ट. ते चहा सांगायच्या आधीच आत गेलं.

मी त्यांना बशी दाखवून समजावायचा प्रयत्न केला. "शेठ, चहावर साय आहे. बशी ओठाला लावून हळूहळू ओढली तर साय मागे राहते. जोरात भुरका मारला तर आधी साय तोंडात येते. माशाच्या पिल्लाचं तेच आहे. पाणी जोरात ओढलं की त्याला मागे फिरायला ताकद पुरत नाही. म्हणून जाळी बारीक करण्याआधी मोठी करायची. पंप तेवढंच पाणी ओढेल, पण मोठ्या जागेवरून, हळू. पिल्लू आपलं आपण पोहत निघून जाईल."

"आपल्याला साय आवडते," शेठ म्हणाले आणि त्यांनी भुरका मारला.

तेव्हा माशांच्या जाळ्यांबद्दल भिवंडीत पुस्तक मिळणं शक्य नव्हतं. मी संध्याकाळी ड्युटी संपली की मंडईजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसायचे. डावीकडचा पोरगा दुबईत नोकरी शोधत असायचा, उजवीकडचा मुलीचं नाव घेऊन कोणाशी तरी गप्पा मारत असायचा, आणि मध्ये मी अमेरिकेतल्या नद्यांवरच्या जाळ्यांची चित्रं बघत असायचे. चित्र अर्धं उतरलं की लाइट जायची. तरी एवढं कळलं की तिकडे माशाच्या पिल्लाला किती जोराचं पाणी सोसतं याचा हिशोब करून मग पाइपचं तोंड ठरवतात. माझ्या शेजाऱ्यांना मी हे सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यांच्या दवाखान्याचा पत्ता दिला असता.

शेवटी मी जे काढलं ते दिसायला पिंपासारखं होतं. आडवं ठेवायचं पिंप, अंगाला पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या तारा, एकीला लागून एक, मध्ये इतकी बारीक फट की पिल्लाचं डोकं शिरू नये. बाहेरून गुळगुळीत, म्हणजे पान अडकणार नाही, घसरेल. प्रवाहाच्या तोंडावर नाही, प्रवाहाच्या बाजूने ठेवायचं, म्हणजे नदीच ते धूत राहील. तळापासून वर उचललेलं, म्हणजे गाळ येणार नाही. आणि साफ करायला लांब दांड्याचा ब्रश.

शेठनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं. "पाइप कवरा आन् पिंप कवरा. आन् याच्यातून तं आरपार दिसतं मॅडम. वीण कुठंय?"

माझ्या बाजूने अखेर बोलला तो काळबादेवीचा व्यापारी. नवा माल आपण स्वतः भिवंडीत येऊन हुंगल्याशिवाय उचलणार नाही असा त्याचा निरोप आला. शेठ एका रात्रीत तयार झाले. माझ्या सगळ्या गणिताला जमलं नाही ते एका नाकाने केलं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा पिंप डोहात बसवलं. शेठनी त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मावशी काठावर बसून हे सगळं बघत होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मासं अडवायला येवढी शाळा शिकलीस?"

"अडवायला नाही गं. वाचवायला."

"शेठला ठाव हाय?"

"त्यांना काय, वास नको."

"मंग सांगू नको," मावशी म्हणाली.

जाळी चालली. हे मी छाती पुढे काढून सांगते, कारण त्या वर्कशॉपमध्ये माझ्या हातून झालेली अभिमानाने सांगावी अशी ती एकच गोष्ट. व्यापारी आला, त्याने एकेका ताग्याला नाक लावलं आणि समाधानाने परत गेला. हौदावरच्या कामगारांची मासळी बंद झाली, त्यांनी मला मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील. पुढच्या पावसाळ्यानंतर डोहात पिल्लं दिसू लागली. त्याच्या पुढच्या वर्षी तर पाण्यात हात घातला की बोटांना गुदगुल्या व्हायच्या. पिंपाच्या तारांवर शेवाळ धरायचं, ते खायला मळ्यांचे थवे यायचे, मळ्यांच्या मागे मोठे मासे यायचे. मावशीची पाटी भरायला लागली. पडघ्याहून ती परस्पर एसटीने आमच्याकडे यायची आणि आपण बाजारात कोणाकोणाला कसं गप्प केलं ते आईला सांगायची. तिला असं हसताना मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटायचं.

मग एका रविवारी शेठ आपल्या दोन पाहुण्यांना पंप दाखवायला घेऊन गेले. एका पाहुण्याने गंमत म्हणून गळ टाकला. त्याला मरळ लागली, हातभर. शेठ खाडीकाठचे. चिंबोरीवर आणि निवट्यांवर वाढलेला माणूस. खाडी रंगाच्या पाण्याने केव्हाच मेली होती आणि तिच्यातलं आता कोणी तोंडात घालत नव्हतं. त्या मरळीकडे बघून त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं असं मला मुकादमाने सांगितलं. मला ते पटतं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला जे आवडेल ते त्याचं असतं अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

पुढच्या रविवारी पाहुणे वाढले. काठावर शेड आली, शेडमध्ये शेगडी आली, झोपाळा आला. त्या सगळ्याला फार्महाऊस असं नाव पडलं. आणि एका सोमवारी मावशी जाळं घेऊन गेली तर शेठ स्वतः तिथे उभे.

"मावशी, आता हितं जालं नाय टाकायचं."

"आज माझी पाळी हाय."

"पाळीबिळी ऱ्हाऊ दे. मासं आपलं हायेत."

"तू घातलंस काय पान्यात?"

"घातलं नाय, पन वाचवलं कोनी? जाली कोनाची?"

"तुझ्या जाळीच्या आदी आमी इतकी वरसं खात व्हतो, तरी मासं उरत व्हतं," मावशी म्हणाली. "तुझा पंप आला आन् सरलं."

शेठ चिडले नाहीत. ते मोठ्या मनाने म्हणाले, "बरं, रविवारी मासं साफ करायला ये. दोन मासं घरी ने."

मावशीने त्यांना जे उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही. ते ऐकून झोपाळ्यावरचा पाहुणा उठून गाडीत जाऊन बसला, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून शेठकडे गेले. माझा संताप झाला होता आणि तो मी लपवला नाही. नदी कोणाच्या बापाची नाही, असं मी त्यांना सरळ सांगितलं.

"बराबर हाय मॅडम. नदी समद्यांची, जाली आपली," ते म्हणाले. "तुमीच सांगा, तुमी इंजिनियर हाव. जाली नसती तं मासा ऱ्हायला असता काय?"

राहिला नसता. हे मीच त्यांना बशी हातात घेऊन शिकवलं होतं, आणि आता माझंच गणित माझ्या मावशीविरुद्ध साक्षीला उभं राहिलं. मी गावच्या चार मोठ्या माणसांकडे गेले. त्यातल्या दोघांना रविवारचं आमंत्रण होतं. बाकीचे दोघे आमंत्रणाची वाट बघत होते.

त्याच आठवड्यात शेठ पुन्हा वर्कशॉपमध्ये आले. डोहाच्या काठाने जाळीचं कुंपण हवं होतं, पाण्यापर्यंत उतरणारं. आमच्या मालकांनी सवयीने ते काम माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी ते उचलून त्यांच्या टेबलावर परत ठेवलं आणि म्हटलं, "हे ड्रॉइंग मी काढणार नाही. नोकरीवरून काढायचं तर काढा."

मला वाटलं होतं ते ओरडतील. निदान समजूत घालतील. ते नुसते गोंधळले.

"अगं, कुंपणाला ड्रॉइंग कशाला लागतंय?" ते म्हणाले आणि त्यांनी वेल्डरला हाक मारली. लांबी-उंची तोंडी सांगितली. अँगल कापून झाले, तयार जाळीचे गुंडाळे टेम्पोत चढले, आणि दुपारच्या जेवणाआधी टेम्पो डोहाकडे, वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलाही. माशाचं पिल्लू अडवायला मी कित्येक महिने डोकं फोडलं होतं. पाच-सहा बायका अडवायला कोणाला कागदसुद्धा लागला नाही.

शुक्रवारी मी मावशीबरोबर डोहावर गेले. कुंपण झालं होतं. फार्महाऊसवर आणलेल्या शेठच्या म्हशी पाण्यावर याव्यात म्हणून त्यात एक रुंद फाटक ठेवलं होतं आणि फाटकावर बिहारकडचा एक नवा वॉचमन होता. मावशीला बघून तो खुर्चीवरून उठला.

"मौसी, साहब ने मना किया है."

"आज मेरी पाळी हाय," मावशी म्हणाली.

मी त्याला हिंदीत सगळं समजावून सांगितलं. वार, पाळी, किती वर्षांची रीत आहे ते. त्याने नीट ऐकून घेतलं. आमच्या गावाकडेही असंच असतं म्हणाला. मग म्हणाला, "लेकिन दीदी, चाबी साहब के पास है."

मावशीने कुंपणाला हात लावून पाहिला, भाजी निवडताना पाहतात तसा. तारा चांगल्या होत्या. पलीकडे पाणी स्वच्छ होतं आणि पिंपाभोवती मळ्यांचा थवा फिरताना काठावरूनही दिसत होता.

"तुझी पान्यातली जाळी अजून चालते नं?" तिने मला विचारलं. "पिलां आत जात न्हायत नं?"

"नाही जात. चालते."

"मंग बरं हाय," मावशी म्हणाली. तिने जाळं मांडीवर घेतलं आणि कुंपणाला टेकून बसली. अजून सकाळ सरायची होती, आणि तोवर डोह तिचा होता.